रांग जन्मस्थानावर ठरते

अमेरिकेत एच-वन-बीवर, म्हणजे मालकाला बांधलेल्या तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर, नोकरीची ऑफर हातात आहे, बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर येणार, पुढे ग्रीन कार्ड करायचं आहे. काय सांभाळायचं, असं तुम्ही विचारलंत. फॉर्म आणि शुल्क सरकारी संकेतस्थळावर मिळेल, ते सोडते.

नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000. बायकामुलंही त्यातच मोजतात. एका देशाची मर्यादा 7 टक्के: 140 कोटींच्या भारताला जेवढी, तेवढीच जेमतेम चार लाखांच्या आइसलँडला. म्हणून भारतीयांची रांग अनेक वर्षांची. देश धरतात तो जन्माचा. उद्या दुसरं नागरिकत्व घेतलंत तरी रांग भारताचीच. दोघांपैकी एकाचा जन्म आखातात वगैरे झाला असेल तर मात्र दोघांनाही तो देश लावून घेता येतो. वकिलाला हे पहिल्याच भेटीत सांगा.

सही करण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या की ‘पर्म’, म्हणजे ग्रीन कार्डासाठी लागणारी कामगार खात्याची मंजुरी, कधी सुरू करणार. त्याचा खर्च आणि वकिलाची फी कायद्याने कंपनीचीच. आय-140, म्हणजे कंपनीने तुमच्यासाठी केलेला ग्रीन कार्डाचा अर्ज, मंजूर झाला की नोटिशीची प्रत मागून घ्या. तिच्यावरची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतली तुमची तारीख, नोकरी बदलली तरी तुमचीच राहते. मंजुरीला 180 दिवस होऊन गेले की कंपनीने अर्ज मागे घेतला तरी एच-वन-बी त्याच्या सहा वर्षांच्या मर्यादेपुढे वाढवता येतो. तोवर मालकासमोर तोंड उघडायची सोय नसते, कारण नोकरी गेली की हातात फार तर 60 दिवस. आय-94, म्हणजे देशात राहायच्या मुदतीची नोंद, त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. पासपोर्टची मुदत कमी उरली असेल तर अधिकारी आय-94 तिथपर्यंतच देतात, आणि व्हिसावरची तारीख बघून लोक गाफील राहतात. तिघांचे पासपोर्ट निघण्याआधी नवे करा.

जन्मदाखल्यावर ‘बाळ’ न राहता पूर्ण नाव हवं, आईवडिलांची नावं पासपोर्टशी अक्षरन्‌अक्षर जुळायला हवीत. लग्नानंतर बायकोचं नाव बदललं असेल तर त्याचं राजपत्र बरोबर ठेवा.

सरकारी शाळेत प्रवेश सहज मिळतो. लसींच्या नोंदी इंग्रजीत न्या. बीसीजीमुळे क्षयाची त्वचाचाचणी पॉझिटिव्ह येऊ शकते, त्याऐवजी रक्तचाचणी मागा.

खरा प्रश्न नंतर येतो, आणि त्याचा मला अजून संताप येतो. वर्गातली मुलं सोळाव्या वर्षी सुट्टीत काम करतात, एच-फोरवरच्या, म्हणजे कुटुंबीयांच्या व्हिसावरच्या, मुलीला ते करता येत नाही. एकविसाव्या वर्षी ती तुमच्या ग्रीन कार्डाच्या अर्जातूनच गळते. 2002 च्या कायद्याने आय-140 प्रलंबित होता तेवढा काळ वयातून वजा होतो. पण जादा पैसे भरून पंधरवड्या-तीन आठवड्यांत मंजुरी आणली असेल तर वजा करायला उरतं काय? मग विद्यार्थी व्हिसा घ्यायचा, आणि सहाव्या वर्षापासून तिथे वाढलेल्या मुलीने लिहून द्यायचं की शिकून मी ‘मायदेशी’ परत जाईन.

एकटेपणाचं विचारलंत. माणसं जोडली जातात. जाच वेगळाच असतो: वडील दवाखान्यात असतात, तुमची मुदतवाढ मंजूर असते, पण पासपोर्टमधला व्हिसा संपलेला असतो. गेलात तर परतायला कॉन्सुलेटची तारीख मिळवावी लागते.

एवढी बंधनं कशाला असं विचारलं, की सीमा मोकळ्या केल्या तर देश बुडेल म्हणतात. भारत-नेपाळ सीमा 1950 च्या करारापासून मोकळी आहे. मायक्रोनेशिया, मार्शल बेटं आणि पलाऊचे लोक अमेरिकेत व्हिसाशिवाय राहतात, कामही करतात. 1980 मध्ये सव्वा लाख क्यूबन काही महिन्यांत आले, त्यातले बरेच मायामीत राहिले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड कार्ड यांना तिथल्या मजुरीवर फारसा परिणाम आढळला नाही. शाळा अर्धवट सोडलेल्या कामगारांबाबत दुसरे अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी हे खोडून काढायचा प्रयत्न केला, तो वाद चालू आहे. माझं मत स्पष्ट आहे: पगार पाडते ती मालकाला बांधलेली परवानगी. उठून दुसरीकडे जाता येणारा माणूस स्वस्तात राबत नाही, आणि शेजारच्या स्थानिक कामगाराचाही भाव पडत नाही.

कॅनडाचा एक्सप्रेस एंट्रीचा, म्हणजे गुणांवर कायमचं राहू देण्याचा, पर्याय आत्ताच तपासा. तिथे जन्मदेशाची मर्यादा नाही, पण तिशीपासून वयाचे गुण दरवर्षी घटतात. मुलगी मोठी होईपर्यंत थांबलात तर तुमचेच गुण पुरणार नाहीत.