केस चालू असताना फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन मिळतं का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजात असताना मारामारीत ३२४ (जुन्या भारतीय दंड संहितेतलं हत्यारानं दुखापतीचं कलम) लागलं, केस अजून चालू आहे, डी.फार्म. आता पूर्ण झालं, रजिस्ट्रेशन मिळेल का आणि पुढं दुबईला जाता येईल का. आणि मग हळूच शेवटी: 'फॉर्मवर लिहिलंच नाही तर कळतं का?' मी उत्तर देणार नव्हतो, पण ते शेवटचं वाक्य वाचून गप्प बसवेना.

रजिस्ट्रेशन मिळतं. आणि हो, कळतंही. दोन्ही अनुभवानं सांगतोय.

जून २००९. मी डी.फार्म.च्या पहिल्या वर्षाची परीक्षा देऊन गावी आलो होतो, बार्शी तालुक्यात. पेरणीच्या आधी चुलत्यानं नांगरताना बांध कोरला, चांगला हातभर. आमचे अण्णा विचारायला गेले, शब्दाला शब्द वाढला, आणि माझ्या हातात खोरं होतं. दांडा चुलत्याच्या कपाळावर बसला. 'झटापटीत लागला' असं आमचे वकील पुढं पाच वर्षं कोर्टात सांगत राहिले. झटापट वगैरे काही नव्हती, मी मारला होता. रक्त डोळ्यात उतरायला लागलं तसं मीच खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या कपाळाला दाबून धरला आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून दवाखान्यात नेलं. तीन टाके पडले. टाके पडेपर्यंत त्यांचा पोरगा ठाण्यात पोचला होता. मी, अण्णा आणि थोरला भाऊ, तिघांवर ३२४, ५०४ (चिथावणीसाठी अपमान), ५०६ (धमकी) आणि ३४ (सगळ्यांचा समान इरादा).

२०१० ला पास झालो आणि रजिस्ट्रेशन झालं. त्यात नवल काही नाही. फार्मसी कायदा १९४८ चा, त्याच्या कलम ३२ मध्ये नाव नोंदवायला काय लागतं ते लिहिलंय: वय १८ पूर्ण, राज्यात राहणं किंवा व्यवसाय, आणि मान्य परीक्षा पास. गुन्हा दाखल असणं ही तिथं आडकाठी नाही. दाखल म्हणजे आरोप, शिक्षा नव्हे. एवढं तुम्हाला माहीत असणारच.

घोळ झाला २०१२ ला. सरकारी भरतीत औषध निर्माण अधिकारी म्हणून निवड झाली. आईनं पेढे वाटले. मग साक्षांकन नमुना आला, म्हणजे चारित्र्य पडताळणीचा फॉर्म. ज्यांनी भरलाय त्यांना ते रकाने आठवत असतील: अटक झाली होती का, खटला प्रलंबित आहे का, होय की नाही. मामा तेव्हा एका कचेरीत हेडक्लार्क, म्हणजे आमच्या घरातलं सुप्रीम कोर्ट. ओसरीवर चहा फुंकत शेजारी बसले आणि म्हणाले, "आरं लिही की नाही म्हणून. ठाण्यातला माणूस आपलाच हाय." मी म्हणालो, मामा, ठाण्यात गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आहे, वर चार्जशीट आहे. म्हणाले, "तू औषधं शिकलायस, कागद मी शिकलोय." मी प्रत्येक प्रतीवर 'नाही' लिहिलं. निळ्या पेनानं, सुवाच्य अक्षरात.

अडीच महिन्यांनी पत्र आलं. चार ओळींचं. खोटी माहिती दिल्यामुळे निवड रद्द. बारीक बघा, केस होती म्हणून रद्द असं नव्हतं त्यात. ३२४ चा उल्लेख चौथ्या ओळीत, 'माहिती दडवली' हे पहिल्या ओळीत. मामांचं आजतागायत म्हणणं असं की ठाण्यातला तो माणूस बदलून गेला म्हणून घात झाला, नाहीतर सल्ला बरोबरच होता.

त्यानंतर मी पहिल्यांदा फार्मसी कायद्याचं कलम ३६ नीट वाचलं. रजिस्टरमधून नाव कधी काढता येतं, ते त्यात आहे. पहिलं कारण: नाव चुकून, खोटं सांगून किंवा महत्त्वाची गोष्ट दडवून लागलं असेल तर. दुसरं कारण: गुन्ह्यात दोषी ठरला किंवा व्यवसायात लांच्छनास्पद वागणूक केली, आणि त्यामुळे राज्याच्या फार्मसी कौन्सिलच्या (रजिस्टर ठेवणाऱ्या संस्थेच्या) कार्यकारी समितीच्या मते माणूस रजिस्टरवर राहायला लायक नसेल तर. शिक्षा झाली की नाव आपोआप कटतं असं कुठंही नाही. समितीला तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं, मग त्या कौन्सिलची मंजुरी, त्यानंतर तीन महिन्यांनी हुकूम लागू, आणि वर राज्य सरकारकडे अपील. कलम ३७ प्रमाणे काढलेलं नाव परतही लावता येतं. कायदा एवढी दारं ठेवतो आणि आपण पहिल्याच रकान्यात 'नाही' लिहून ती आतून बंद करून घेतो. हे मी मामांना तीन वेळा वाचून दाखवलंय. त्यांचा चष्मा दर वेळी घरी राहिलेला असतो.

२०१४ ला निकाल लागला. चुलत्यांनी साक्षीत जे होतं ते सांगितलं, आम्ही दोषी ठरलो. पण परिविक्षा अधिकाऱ्याचा (आरोपीची चौकशी करून कोर्टाला कळवणाऱ्या प्रोबेशन ऑफिसरचा) अहवाल बरा गेला आणि १९५८ च्या प्रोबेशन ऑफ ऑफेंडर्स कायद्याच्या कलम ४ खाली एक वर्षाच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटलो. वर चुलत्यांना पाच हजार भरपाई. याच कायद्याचं कलम १२ सांगतं की दोषी ठरल्यामुळे जी अपात्रता चिकटते ती अशा माणसाला चिकटत नाही. मात्र दोषी ठरलो ते पुसलं जात नाही, हे वकिलानं दोनदा बजावलं. मी निकालाची नक्कल काढली आणि कौन्सिलला स्वतःहून पत्र दिलं. मामा म्हणाले, झोपलेल्या कुत्र्याच्या शेपटावर पाय कशाला देतोस. मी दिला. आवकचा शिक्का मारलेली झेरॉक्स आजही कपाटात आहे आणि माझं नाव रजिस्टरवर आहे. २०१७ पासून स्वतःचं मेडिकल चालवतो.

आता थोडं कडू. माझा मामेभाऊही डी.फार्म. त्याच्यावर आयुष्यात एक केस नाही, मामा हे प्रत्येक लग्नात सांगतात. त्याचं सर्टिफिकेट शंभर किलोमीटरवरच्या एका दुकानात भिंतीवर टांगलंय, महिन्याला भाडं येतं, आणि तो इकडं विमा विकतो. त्या दुकानात गोळ्या कोण देतं? दहावी झालेलं पोरगं. कलम ४२ प्रमाणे नोंदणीकृत फार्मासिस्टशिवाय कुणी डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधं द्यायची नाहीत. शेड्यूल एच-वनचं (काही अँटिबायोटिक्स, टीबीची आणि सवय लागणारी औषधं यांच्या यादीचं) रजिस्टर २०१४ पासून ठेवायला लागतं, ते तिथं कोण लिहितं देव जाणे. माझ्या मते रजिस्टरवरून आधी काढायला हवं ते असल्या स्वच्छ माणसाला. बांधावर दांडा घातलेल्याचं नंतर बघा.

तुमच्याकडे वळतो. सगळ्यात मोठी चूक सांगून ठेवतो, कारण लोकअदालतीच्या दिवशी बाकावरचा कुणीतरी हा सल्ला देतोच: 'गुन्हा कबूल करा, पाचशे दंड भरा, मोकळे व्हा.' मोकळे होत नाही. ती शिक्षा झाली, आणि कलम ३६ च्या दुसऱ्या कारणात तुम्ही स्वतः चालत गेलात. फिर्यादीशी समेट झाला असेल तर वकिलाला हायकोर्टात केस रद्द करून घेण्याबद्दल विचारा. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४८२ होतं, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ५२८. जो फॉर्म येईल तो शब्द न् शब्द वाचा. विचारलं असेल तर खरं लिहा, गु.र.नं., कलमं, कोर्ट, पुढची तारीख. विचारलं नसेल तर समासात आत्मचरित्र लिहू नका. नोकरीच्या फॉर्मबद्दल सुप्रीम कोर्टाचा अवतार सिंग खटल्यातला २०१६ चा निकाल वकिलाकडून समजून घ्या: माहिती खरीच द्यावी लागते, कोवळ्या वयातली किरकोळ केस असेल तर दडवणूकही मालक माफ करू शकतो, पण खरं सांगितलं म्हणून नेमणूक करायलाच पाहिजे असंही नाही. मला तो निकाल चार वर्षं उशिरा लाभला.

दुबईचं वेगळं. केस चालू असेल तर पासपोर्टला त्या कोर्टाची परवानगी लागते, २५ ऑगस्ट १९९३ च्या अधिसूचनेप्रमाणे. ती आधी काढा, एजंटला पैसे नंतर द्या.

आणि हे सगळं मारामारीच्या केसबद्दल. कुणाची केस बनावट औषधांची, नशेच्या गोळ्यांची किंवा बाईमाणसाला त्रास दिल्याची असेल तर त्यानं माझ्या उत्तराचा आधार घेऊ नये. त्याला मीही रजिस्टरवर ठेवणार नाही. नर्सिंग आणि डॉक्टरकीची कौन्सिलं वेगळी, कायदे वेगळे. मी वकील नाही.

गेल्या दिवाळीत मामा बीपीच्या गोळ्या न्यायला दुकानात आले होते. भिंतीवरच्या फ्रेमकडे बघून म्हणाले, "बघ, विचारलं का कुणी तुला केसचं? उगाच पत्र दिलंस." नातेवाइकांना मी एरवी दहा टक्के सोडतो. त्या दिवशी एमआरपीनं बिल केलं.