“आता मले लेकरू होईन का नाही?”

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली २२ वर्षांची तरुणी. नवरा पुण्याला कंपनीत. सव्वा-दीड महिन्याने चार दिवस गावी येतो. पाच महिन्यांत त्याच्या चार खेपा झाल्या, आणि दर खेपेला हिने ७२ तासांची गोळी (संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची) घेतली. पाळी एकदा आठ दिवस आधी आली, एकदा दहा दिवस लांबली. शेजारीण म्हणाली, गोळी गरम पडते, गर्भपिशवी सुकते. म्हणून हा प्रश्न.

होईल. या गोळीने वांझपण येत नाही. त्यातले १.५ मिलिग्रॅम लेव्होनॉरजेस्ट्रेल बीजांड सुटणे लांबवते. पाळी मागेपुढे होते ती या औषधामुळेच. बीजांड आधीच सुटले असेल तर गोळीचा उपयोग नाही, आणि राहिलेला गर्भ ती पाडत नाही. गर्भपाताच्या गोळ्या वेगळ्या, म्हणून मेडिकलवर पाकिटावरचे नाव वाचून घ्यावे.

खरी अडचण पुढच्या प्रश्नात सापडली. गोळी कधी घेतली? नवरा आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. मग पुढच्या तीन रात्री? “गोळी घेतलीच होती नं!” बहुतेकींचे इथेच चुकते. गोळी झालेल्या संबंधापुरती असते. लांबलेले बीजांड नेमके त्यानंतरच्या दिवसांत सुटू शकते, म्हणजे त्या तीन रात्री जास्तच जोखमीच्या. गोळी घेतल्यावर दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. टीबीचे रिफाम्पिसिन किंवा फिटच्या काही गोळ्या चालू असतील तर तिचा असर कमी होतो. अशा वेळी संबंधानंतर पाच दिवसांच्या आत तांबी (कॉपर-टी) बसवणे जास्त भरवशाचे.

शेवटच्या संबंधाला १२ दिवस झाले होते. मधे थोडे डाग दिसले, त्यालाच ती पाळी समजत होती. डाग म्हणजे पाळी नव्हे. २१ दिवस भरल्यावर आशाताईंकडच्या निश्चय किटवर (गर्भ आहे का ते पाहायचे किट) सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी ठरली, तोवर निरोध.

पुढच्या वर्षी लेकरू हवे, म्हणून अंतरा हे गर्भनिरोधक इंजेक्शन सुचवले नाही. शेवटच्या इंजेक्शननंतर दिवस राहायला ७ ते १० महिने लागू शकतात. तिने छाया ही गर्भनिरोधक गोळी निवडली. तपासणीत गर्भ नाही असे आले, तर पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी. तो रविवार असेल तर तीन महिने रविवारी आणि बुधवारी, नंतर फक्त रविवारी. नवरा गावी असो वा नसो, गोळी चुकवायची नाही.