डोंगराळ भागात कमी वर्दळीचा सायकल-मार्ग कसा आखावा?

तुमची अडचण थोडक्यात अशी: ॲपला मार्ग विचारला की ते हमरस्त्यावर नेऊन घालतं, आणि स्वतः लहान रस्ता शोधला तर तो पुढे खडीचा निघतो किंवा चढ झेपत नाही. तिन्ही गोष्टी घरबसल्या नकाशावर बऱ्याचशा टाळता येतात. त्याआधी एक हिशेब पक्का करून घ्या: वर्दळ किलोमीटरमध्ये नाही, मिनिटांत मोजायची.

समजा ८ किलोमीटरचा, सरासरी ६ टक्क्यांचा (म्हणजे १०० मीटरला ६ मीटर उंची) घाट आहे. चढताना ताशी ८ किलोमीटरचा वेग धरला तर त्यावर एक तास जातो. तोच घाट ताशी ३२ च्या वेगाने उतरलात तर १५ मिनिटं. म्हणजे रस्ता तोच, गाड्या तेवढ्याच, पण चढताना तुम्ही त्यांच्यात चौपट वेळ असता. शिवाय चढावर सायकल हळू असल्यामुळे थोडी डुलते, आणि गाडीच्या व तुमच्या वेगात फरक फार असतो, त्यामुळे मागून येणारी प्रत्येक गाडी तुम्हाला ओलांडूनच जाते. म्हणून मोठ्या रस्त्याचा एखादा तुकडा टळतच नसेल तर तो उताराच्या वाट्याला द्या आणि चढायला आडरस्ता निवडा. आडरस्ता बहुधा जास्त उभा आणि अरुंद असतो, पण असा रस्ता चढायला सुरक्षित असतो आणि उतरायला त्रासाचा, त्यामुळे दोन्ही बाजूंनी हीच दिशा बरोबर ठरते. अपवाद बोगद्याचा. बोगदा असलेला मोठा रस्ता मी उतारालाही घेत नाही.

आता आडरस्ते शोधायचे कसे? ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशाचं मूळ रूप उघडा. त्यात नारिंगी आणि पिवळे रस्ते गावं जोडणारे मोठे, पांढरे रस्ते तुमच्या कामाचे. पांढऱ्यांतही जाड आणि बारीक असा फरक आहे. बारीक पांढऱ्या रेषांपैकी ज्यांची नोंद ‘अनक्लासिफाइड’ (वर्गीकरण न झालेला) अशी असते, ते खेड्यांना जोडणारे सर्वांत लहान आरपार रस्ते. नावावरून तो बेभरवशाचा वाटतो, पण शांत राइडसाठी पहिली पसंती त्यालाच. तपकिरी तुटक रेष म्हणजे शेताची किंवा जंगलाची वाट. बारीक टायरच्या सायकलला ती नको.

दोन जागा हमखास तपासा. एक, जिथे नवा रस्ता बोगद्यातून किंवा पुलावरून सरळ काढलाय तिथे जुना वळणावळणाचा रस्ता शेजारी शिल्लक आहे का. घाई असलेली सगळी वाहतूक नव्या रस्त्याने जाते, आणि जुन्याचा चढ बहुधा बेताचा असतो, कारण तो कमी ताकदीच्या गाड्यांसाठी आखलेला असतो. दुसरी, नदीचं खोरं: दोन्ही काठांनी रस्ता असेल तर मोठी गावं ज्या काठावर नाहीत तो काठ घ्या.

ब्राउटर या मार्ग आखण्याच्या मोफत साधनात ‘फास्टबाइक लो ट्रॅफिक’ नावाची सोय आहे. पहिला कच्चा मार्ग तिथून काढून घ्यावा आणि मग हाताने सुधारावा. सुधारताना मधला बिंदू (मार्ग जिथून जायला हवा ती खूण) चौकावर ठेवू नका. तो चुकून शेजारच्या बोळात पडला तर मार्ग आत जाऊन परत येतो आणि नकाशावर एक बारीक काटा उगवतो. चौकाच्या शंभरेक मीटर पुढे, हव्या त्या रस्त्यावर नकाशा मोठा करून बिंदू ठेवा. स्ट्राव्हा या राइड नोंदवणाऱ्या ॲपच्या हीटमॅपवर (कुठे जास्त राइड होतात ते दाखवणारा नकाशा) मात्र एकट्यावर विसंबू नये. ठळक रेष इतकंच सांगते की तिथे सायकलवाले जातात. सरावाचे गट रुंद हमरस्त्यावरही पहाटे जातातच.

वर्दळ कुठून येते हे कळलं की दिवस निवडणं सोपं जातं, आणि इथे बरेच जण फसतात. ‘रविवारी सकाळी रस्ते मोकळे’ हे अर्धंच खरं आहे. उपग्रह-चित्रात रस्त्याच्या टोकाला डोंगराचा पांढरट, खरवडलेला भाग दिसला तर ती खाण आहे; तिथले डंपर कामाच्या दिवशी धावतात, म्हणून तो रस्ता सुट्टीच्या दिवशी घ्यावा. खाणीऐवजी रस्त्यावर धबधबा, धरण किंवा माथ्यावर मोठं पार्किंग दिसलं तर उलट: सुट्टीच्या दिवशी ऊन वर येताच गाड्यांची रांग लागते, म्हणून तो मधल्या वारी. दोन्ही एकाच रस्त्यावर असतील तर तो सोडून द्या.

पृष्ठभागासाठी रस्त्यावरून काढलेली छायाचित्रं पाहा, पण ती कोणत्या वर्षीची आहेत हे आधी वाचा. छायाचित्रं नसतील तर उपग्रह-चित्रात एखादी मोटार शोधा. ती साधारण पावणेदोन मीटर रुंद धरा. रस्ता तिच्या दुप्पटच दिसत असेल तर तो एकपदरी आहे आणि समोरून गाडी आली की कुणीतरी कडेला उतरणार. डांबर एकसारखं गडद दिसतं; मातीच्या रंगाचा, कडा पुसट झालेला पट्टा दिसला तर तिथे कच्चं आहे असंच धरून चाला.

चढाच्या बाबतीत सरासरीवर जाऊ नका. ५ किलोमीटरला ६ टक्के म्हणजे ३०० मीटरची चढाई, पण त्यात मधे दोन किलोमीटर सपाट असले तर उरलेल्या तीन किलोमीटरची सरासरी १० टक्के होते. उंचीचा आलेख ५०० मीटरच्या तुकड्यांत वाचा. मात्र आलेखातला प्रत्येक सुळका खरा मानू नका. बऱ्याच साधनांत २००० साली अंतराळयानातून घेतलेल्या रडार-मोजणीची आकडेवारी असते आणि तिची चौकट साधारण ३० मीटरची आहे, म्हणजे तेवढ्या तुकड्याला एकच उंची. डोंगराच्या कुशीत खोदलेल्या रस्त्याला ती कधी वरच्या कड्याची, कधी खालच्या दरीची उंची देते, म्हणून एकूण चढाई फुगते. पूल आणि बोगद्यांवर तर आलेख थेट दरीत उतरतो किंवा डोंगर चढून जातो. शंका आली की नकाशावरच्या समोच्च रेषाही (समान उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा) मोजून पाहा.

गिअरचा हिशेब असा: पुढे ३४ आणि मागे ३४ दातांवर पेडलच्या एका फेरीत सायकल साधारण २.१ मीटर सरकते. मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर ताशी साडेसात किलोमीटर. १० टक्के चढावर, स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो वजन असेल तर एवढ्यालाही १८० वॉटच्या आसपास ताकद लागते. तेवढी तासभर टिकत नसेल तर मोठी कॅसेट (मागच्या चाकावरचा दातेरी चक्रांचा संच) बसवा किंवा सौम्य चढ शोधा. फेऱ्या ४५ च्या खाली नेऊन रेटत राहिलं की गुडघे बोलू लागतात.

वेळेसाठी मार्गाचे तीन भाग करा. ६० किलोमीटर आणि १२०० मीटर चढाई असेल, चढ सरासरी ६ टक्क्यांचा असेल, तर २० किलोमीटर चढ, २० उतार, २० सपाट. तासाला ५०० मीटर उंची गाठण्याच्या हिशेबाने चढाला २ तास २४ मिनिटं, अरुंद उताराला ताशी २५ ने ४८ मिनिटं, सपाटीला एक तास. झाले ४ तास १२ मिनिटं. थांबे धरून पाच. आडरस्त्यावर पाणी मिळेलच असं नाही, म्हणून तासाला ५०० ते ७५० मिलिलिटर या हिशेबाने पाणी भरण्याच्या जागा नकाशावर आधीच खुणा करून ठेवा. निम्म्या वाटेवर परत फिरायचा एक छोटा मार्गही खूण केलेला हवा.

उताराबद्दल एवढंच: एकपदरी रस्त्यावर दिसणाऱ्या अंतराच्या निम्म्यात थांबता आलं पाहिजे, कारण समोरच्या गाडीलाही थांबायला तेवढीच जागा लागते. ८ टक्के उतारावर, कोरड्या डांबरावर ताशी ३० ला थांबायला साधारण २० मीटर लागतात, ५० ला ४५. वळणाच्या आतल्या कडेला खडी साचते, कारण गाड्या वळण कापताना कडेची खडी आत ओढतात. ब्रेक वळणाआधी मारून घ्या, आणि रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कडेवर दाबणारा) असेल तर तो सतत दाबून धरू नका. रिम तापून ट्यूब फुटू शकते. टायर ३२ मिलिमीटरचे बसत असतील तर तेच लावा. ७० किलोच्या स्वाराला ५५ ते ६० पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) पासून सुरुवात करावी, मागच्या चाकात थोडी जास्त हवा.

निघण्यापूर्वी जीपीएक्स फाइल (आखलेल्या मार्गाची फाइल) हँडलवर लावायच्या सायकल-कॉम्प्युटरमध्ये आणि फोनमध्ये अशी दोन्हीकडे ठेवा, नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. आणि कॉम्प्युटरमधली आपोआप मार्ग बदलण्याची सोय बंद करा. नाहीतर एक फाटा चुकला की तो तुम्हाला जवळच्या वाटेने, म्हणजे बहुतेक वेळा त्याच हमरस्त्यावरून, पुढे काढतो.