वाचकांचे प्रश्न : मागच्या घरचं सांडपाणी आपल्या चेंबरात घ्यावं का?

प्रश्न : नांदेडला जुन्या वस्तीत आमचं घर आहे. मागच्या घरच्यांनी परसात नवी न्हाणी आणि संडास बांधायला काढलाय. त्यांच्या पुढच्या गल्लीतली ड्रेनेजची लाइन उंचावर आहे, म्हणून आमच्या तीन फुटी बोळातल्या चेंबरला पाइप जोडू द्या म्हणतात. तिथून आमचा चार इंची पाइप 35 फुटांवर रस्त्यावरच्या चेंबरला मिळतो. रोजचं येणं-जाणं आहे, त्यामुळे तोंडावर नाही म्हणवत नाही. हो म्हटलं तर काय काय होऊ शकतं?

उत्तर : शब्द देण्याआधी बोळातल्या आणि रस्त्यावरच्या चेंबरची झाकणं उघडून ढाळ (पाइपाचा उतार) मोजा. चार इंची पाइपाला 40 फुटांना 1 फूट ढाळ चांगला. म्हणजे तुमच्या 35 फुटांत साधारण साडेदहा इंच हवा. मिस्त्रीकडच्या लेव्हल नळीने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) अर्ध्या तासात हे कळतं. सात इंचांपेक्षा कमी भरला, तर विषय तिथेच थांबवा. बोळातल्या चेंबरच्या तळाशी एरवीही पाणी साचून राहत असेल, तरी हाच अर्थ. अशा लाइनीत पाणी पुढे जातं आणि मैला मागे बसतो. त्यात दुसऱ्या घराची भर पडली की महिन्या-दोन महिन्यांत तुंबलेलं काढायला बांबूवाला बोलवावा लागतो.

चार इंची पाइप दोन घरांना पुरतो. खरी अडचण तो तुंबल्यावर सुरू होते. पुढे कुठेही अडलं की पाणी सगळ्यात खालच्या तोंडातून वर येतं. तुमच्या न्हाणीची फरशी त्यांच्यापेक्षा खाली असेल, तर घाण तुमच्या घरात येणार आणि त्यांना पत्ताही लागणार नाही. म्हणून दोन्ही फरशांची पातळीही मोजून घ्या.

सगळ्यात बरा मार्ग म्हणजे त्यांचा पाइप तुमच्या बोळातून जाऊ द्यायचा, पण तुमच्या चेंबरला न जोडता थेट रस्त्यावरच्या चेंबरला न्यायचा. खर्च त्यांचा, आणि त्यांचं तुंबलं तर त्यांच्याकडेच तुंबेल. त्यासाठी महापालिकेच्या ड्रेनेज विभागात नकाशासह त्यांनी स्वतःच्या नावाने अर्ज करावा. दुसरा मार्ग बहुतेक मिस्त्री सुचवत नाहीत, कारण त्यात बांधकाम वाढतं : त्यांनी न्हाणी-संडासाची फरशी दीड-दोन फूट उचलून दोन पायऱ्या कराव्यात. तेवढ्यात पुष्कळदा पुढच्या गल्लीकडे ढाळ मिळतो आणि तुम्हाला काही द्यावंच लागत नाही. नाही म्हणायचं झालं तर हा पर्याय हातात घेऊन बोला, म्हणजे कडवटपणा येत नाही.

तरीही जोडू द्यायचंच ठरलं, तर जोड चेंबरातच घ्या. मधेच पाइप कापून टी (तीन तोंडांचा जोड) बसवू देऊ नका. त्यांचा पाइप चेंबरच्या तळनालीपेक्षा (तळाशी पाणी वाहतं त्या पन्हाळीपेक्षा) दोन इंच वरून आणि वाहत्या दिशेला वळवून आत यावा. समोरासमोर किंवा काटकोनात घेतला, तर त्यांच्या फ्लशचा लोट तुमच्याच पाइपाच्या तोंडात मैला ढकलतो. हद्दीच्या आत, त्यांच्या बाजूला, त्यांचं स्वतःचं दोन बाय दोन फुटांचं चेंबर हवं. न्हाणी-मोरीचं पाणी जाळीच्या गली ट्रॅपमधून (कचरा आणि वास अडवणाऱ्या, पाणी साठून राहणाऱ्या भांड्यातून) यावं, म्हणजे साबणाचे तुकडे, केस आणि भांड्यांतलं खरकटं त्यांच्याकडेच अडेल. तुमच्या लाइनीवर, बोळातल्या चेंबरच्या अलीकडे, घराच्या बाजूला, चार इंची नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) बसवून घ्या. तो अशा जागी हवा की झाकण उघडून हात पोचेल. झडपेच्या पडद्यात केस अडकले की तो मिटत नाही, आणि मग तो असून नसल्यासारखा. दर तीन महिन्यांनी आणि मृगाच्या आधी एकदा साफ करावा लागतो. व्हॉल्व्ह मिटलेला असताना तुमचं पाणीही पुढे जात नाही, हेही घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

गच्चीचं पाणी मात्र कुठल्याही परिस्थितीत या लाइनीत येऊ देऊ नका. 1000 चौरस फुटांच्या गच्चीवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर साडेचार हजार लिटरच्या वर पाणी खाली येतं. ज्या तासाला ते येतं, त्याच तासाला रस्त्यावरचं चेंबरही भरलेलं असतं.

आपल्याकडची काळी माती भिजली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसता टेकवलेला पाइप दोन पावसाळ्यांत मधेच खचतो आणि जोड उघडतो. चराच्या तळाशी चार ते सहा इंच बारीक मुरूम किंवा वाळू, पाइपाच्या बाजूंनी आणि वरही मुरूमच, निघालेली काळी माती परत नाही. जोड सोल्यूशनने चिकटवण्यापेक्षा रबर रिंगचे घ्या आणि पाइप सॉकेटमध्ये पूर्ण ठोकून न बसवता 10 मिलिमीटर मोकळा ठेवा, म्हणजे जमिनीची हालचाल तो सोसतो. पाइप एसडब्ल्यूआर (मैला, सांडपाणी आणि पावसाच्या पाण्यासाठीचा पीव्हीसी) 'बी' प्रकारचा हवा. 'ए' प्रकार पावसाच्या पाण्यासाठी आणि हवेच्या नळीसाठी असतो. स्वस्त म्हणून तोच पुरलेला दिसतो. चर बुजवण्याआधी खालचं तोंड बंद करून लाइन पाण्याने भरा आणि अर्धा तास पातळी बघा. तीन फुटी बोळात गळणारा पाइप म्हणजे तुमच्याच पायाशी पाणी, आणि काळ्या मातीत त्याचा हिशोब भिंतीच्या तड्यांत निघतो.

त्याच बोळातून नळाची लाइन जात असेल, तर ती ड्रेनेजपेक्षा किमान दीड फूट वर आणि समोरच्या भिंतीच्या कडेला घ्या. नळाला काही दिवसांआड पाणी येतं तिथे मधल्या काळात लाइन रिकामी असते. त्यातच कुणी नळाला थेट मोटार लावली की ती लाइन बाहेरचं पाणी ओढते, आणि जोड सैल असेल तिथून गटाराचंच.

कुणा वाचकाच्या घरची लाइन रस्त्याऐवजी सेप्टिक टँकला जात असेल, तर मात्र स्वच्छ नकार द्या. टाकी घरातल्या माणसांच्या हिशोबाने बांधलेली असते. माणसं दुप्पट झाली की मैला बसायला वेळ मिळत नाही, तो शोषखड्ड्यात जातो, आणि काळ्या मातीतला शोषखड्डा एकदा गच्च झाला की पुन्हा पाणी पीत नाही.

आता कागद. भारतीय सुखाधिकार अधिनियम, 1882 (दुसऱ्याच्या जागेवरून वाट, पाणी वगैरे नेण्याच्या हक्काचा कायदा) च्या कलम 15 नुसार कुणी दुसऱ्याच्या जागेतून हक्क म्हणून, शांतपणे, उघडपणे आणि अखंड 20 वर्षं पाणी नेलं, तर तो त्याचा हक्क होऊ शकतो. परवानगीने नेलेल्या पाण्याचा तसा हक्क होत नाही, पण ती परवानगी होती हे दाखवायला कागद लागतो. दुसरी गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते. परवानगीच्या भरवशावर समोरच्याने स्वखर्चाने कायमस्वरूपी काम केलं, तर कलम 60 नुसार ती मागे घेता येत नाही. म्हणून कागदात लिहा : ही फक्त परवानगी आहे, सहा महिन्यांची सूचना देऊन ती बंद करता येईल, त्यांनी केलेल्या खर्चामुळे त्यात फरक पडणार नाही, गच्चीचं पाणी सोडणार नाही, तुंबल्यास सफाईचा खर्च कुणी किती द्यायचा. पाइपाचा नकाशा जोडा. सही घरमालकांची, भाडेकरूची चालत नाही. त्यांच्या सातबाऱ्यावर किंवा मालमत्ता पत्रकावर भावांची नावं असतील तर त्यांच्याही सह्या घ्या. मसुदा वकिलाला दाखवा.

प्रश्न : परभणीजवळ आमच्या बोअरला उन्हाळ्यातही पाणी असतं. शेजारचे काका कायमची अर्ध्या इंची लाइन मागतात. बोअरलाच टी मारून द्यावी का?

उत्तर : बोअरवरून नको, गच्चीवरच्या टाकीतून द्या, आणि त्यांचा नळ टाकीच्या तळाशी न काढता निम्म्या उंचीवर काढा. 1000 लिटरच्या टाकीत खालचे 500 लिटर मग आपोआप तुमचेच राहतात, रोज कुणाला आठवण करून द्यावी लागत नाही. तुमच्या बाजूला बॉल व्हॉल्व्ह आणि छोटं मीटर लावा. त्यांच्या हौदात पाइपाचं तोंड पाण्याच्या पातळीपासून सहा इंच वर राहिलं पाहिजे. ते बुडालेलं असेल, तर त्यांचं पाणी उलटं लाइनीत ओढलं जाण्याची शक्यता राहते. एक एचपीची मोटार तासाला साधारण एक युनिट खाते, तेवढ्यावरून पैशाचा हिशोब घाला. मोटारीसाठी तुमच्या मीटरवरून त्यांच्या घरात वायर मात्र देऊ नका, आणि नगरपालिकेच्या नळाला टी अजिबात नको.

प्रश्न : लातूर जिल्ह्यात आमचं गाव. शेजाऱ्यांनी माळवद (मातीचं सपाट छत) पाडून स्लॅब टाकला. आता पन्हाळाचं पाणी आमच्या भिंतीवर पडतं. आधीही पडायचं, पण थोडं.

उत्तर : आधीचं पाणी 20 वर्षांहून जुनं असेल, तर तेवढ्यापुरता त्यांचा हक्क असू शकतो. नव्या स्लॅबचं वाढलेलं पाणी त्यात बसत नाही. स्लॅबचा ढाळ अजून कोबा (वरचा काँक्रीटचा थर) करून बदलता येतो, म्हणून कोबा होण्याआधी बोला. पाणी त्यांच्याच बाजूच्या कोपऱ्यात घेऊन चार इंची पाइपाने खाली उतरवायला सांगा. पाइपाच्या तोंडाशी जाळी हवी, नाहीतर पहिल्या पावसात पाला अडकून पाणी पुन्हा कठड्यावरून तुमच्याकडेच येईल.