फुकटच्या डब्यांवर उभी राहणारी एजन्सी घ्यावी का?

भांडुप येथे औषधांचे दुकान चालवणाऱ्या एका वाचकांना बाळांच्या दूध पावडरच्या नव्या कंपनीने स्टॉकिस्ट, म्हणजे माल साठवून इतर दुकानदारांना पुरवणारा वितरक, होण्याचा प्रस्ताव दिला असून, त्यासाठी ७ टक्के व्याजाची १२ लाखांची मुदत ठेव मोडावी का, असे त्यांनी विचारले आहे. महिन्याला ६ लाखांची विक्री आणि ६ टक्के मार्जिन मिळेल, कारण पहिले सहा महिने भांडुप-मुलुंडच्या प्रसूतिगृहांत डबे फुकट दिले जातील आणि तेथील परिचारिकांना भेटवस्तू मिळतील, असे कंपनीचा प्रतिनिधी सांगतो.

आपण कळवलेले आकडे आधी जसेच्या तसे धरू. ६ लाखांवर ६ टक्के म्हणजे ३६,००० रुपये. त्यातून माल साठवण्याच्या गाळ्याचे भाडे १४,००० आणि माल पोहोचवणाऱ्या मुलाचा पगार १६,००० वजा केल्यास ६,००० उरतात. ठेव आज आपल्याला काहीही न करता महिन्याला सरासरी ७,००० रुपये देते. मुदत संपलेला माल आणि दुकानदारांकडे अडकलेली उधारी तर मी अजून धरलेलीच नाही.

परंतु मला जास्त काळजी वाटते ती ६ लाखांच्या आकड्याची, कारण तो ज्या पद्धतीवर उभा आहे तिला फार जुना आणि वाईट इतिहास आहे. हेन्री नेस्ले यांनी १८६७ मध्ये स्वित्झर्लंडमधील व्हेवे येथे बाळांसाठी दूध-पिठाचे खाद्य विकायला सुरुवात केली. पुढे विसाव्या शतकात या धंद्यातील कंपन्यांनी आशिया-आफ्रिकेत परिचारिकांच्या वेशातील विक्रेत्या थेट बाळंतिणींकडे पाठवल्या आणि नमुन्याचे डबे वाटले. फुकटच्या डब्याचे गणित सरळ आहे: बाळ जितके ओढते तितके आईला दूध येते, त्यामुळे पहिल्या दिवसांत बाळ बाटलीवर गेले की आईचे दूध कमी होते, आणि डबा संपल्यावर पुढचा विकत घेण्यावाचून घराला पर्याय राहत नाही. ऐपत नसलेल्या घरांत मग पावडर पातळ केली जाई, तीही अनेकदा अशुद्ध पाण्यात, आणि बाळे दगावत. डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३९ मध्येच सिंगापूरमधील भाषणात याला हत्येची उपमा दिली होती. १९७७ मध्ये अमेरिकेत नेस्ले कंपनीवर बहिष्कार सुरू झाला, १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने अशा खाद्याच्या विक्रीची आंतरराष्ट्रीय संहिता संमत केली, आणि भारताने १९९२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदाच केला.

हा कायदा आपल्या प्रस्तावाला थेट लागू होतो. त्यानुसार दूध पावडरची जाहिरात करता येत नाही, नमुने किंवा भेटवस्तू देता येत नाहीत, आरोग्य कर्मचाऱ्यांना कोणतेही आमिष दाखवता येत नाही, आणि स्वतःच्या नोकरीतील विक्रेत्याला खपावर कमिशन देणेही वर्ज्य आहे. बंदी केवळ उत्पादकावर नसून पुरवठा, वितरण आणि विक्री करणाऱ्यांवरही आहे. उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो; दंडाची ५,००० रुपयांची मर्यादा किरकोळ वाटली, तरी कारावासाची नोंद औषध दुकानदाराला परवडणारी नाही. (प्रतिनिधीने ही योजना इतक्या मोकळेपणाने सांगितली, यावरूनच कंपनीची पारख करावी.) २००३ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंतच्या मुलांचे खाद्यही जाहिरातबंदीत येते, त्यामुळे पावडरऐवजी ते घेऊन सुटका होणार नाही.

पावडर विकणे मात्र पूर्णपणे कायदेशीर आहे, आणि काही बाळांना ती वैद्यकीय कारणाने लागतेच. तरीही, ज्या शहरातील शीव रुग्णालयात १९८९ पासून मातृदुग्धपेढी (मातांनी दान केलेले दूध गरजू बाळांना देणारी सोय) चालते, तेथे आमिषाविना नव्या ब्रँडचा खप कूर्मगतीनेच वाढेल, असे धरून चालावे.

म्हणून ठेव मोडू नये. मोफत डबे व भेटवस्तूंची योजना रद्द केल्याचे आणि मुदत संपलेला माल पूर्ण किमतीने परत घेण्याचे कंपनीने लेखी मान्य केले, तरच आपल्या दुकानापुरता दोन लाखांचा माल घेऊन तीन महिने खप पाहावा. त्यासाठी ठेवीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे ठेव न मोडता तिच्या तारणावर लागेल तेवढी उचल, मिळतो. त्याचा दर साधारणपणे ठेवीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के अधिक असतो आणि व्याज वापरलेल्या रकमेवरच पडते. गाळा या काळात भाड्याने घेऊ नये. कंपनीने लेखी देण्यास टाळाटाळ केल्यास तिला नकार कळवावा.