उभ्यानं खाल्लेले लाडू

मी समुपदेशक आहे. गणपती उठले की माझ्याकडे लग्न ठरलेल्यांची, खाण्याबद्दलची एक ठरावीक तक्रार यायला लागते. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू होणार, म्हणजे हातात दोन-अडीच महिने. "मॅडम, दिवसभर मी सगळं सांभाळते आणि रात्री सगळं घालवते. माझा मनावर ताबाच नाही." मुली येतात, त्यांच्या आया येतात, आणि अलीकडे शेरवानीच्या काळजीनं मुलगेही येतात. वाक्य जवळपास तेच असतं, आणि प्रत्येकाला वाटत असतं की असं फक्त आपलंच होतंय. या वर्षीही पंधरा दिवसांत तीनदा ऐकलं, तेव्हा ठरवलं की मृण्मयीची गोष्ट लिहायची. तिची परवानगी घेतली आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मृण्मयी सत्तावीस वर्षांची, नाशिकच्या एका पतसंस्थेत नोकरीला. ऑगस्टमध्ये साखरपुडा झाला, लग्न डिसेंबरच्या सुरुवातीला. साखरपुड्याचे फोटो आले तेव्हा आत्या सहज म्हणून गेली, "शालूत जरा भरलेली दिसेल, नाही?" त्याच रात्री मृण्मयीनं ठरवलं, बारा किलो. शालूवरचं ब्लाउज शिवायला टाकताना तिनं शिंप्याला सांगितलं, मापापेक्षा दोन इंच कमी शिवा. हे सांगताना तिचा चेहरा उजळला. "म्हणजे मला मागे फिरायला जागाच नाही."

मी तिच्याकडून एका दिवसाचं खाणं कागदावर लिहून घेतलं. सकाळी पाण्यात शिजवलेले ओट्स आणि एक लाडू. दुपारी डब्यात काकडी, गाजर, मोड आलेले मूग. संध्याकाळी काळा चहा. रात्री एक वाटी सूप. लाडू ओट्सचे, ती दर रविवारी स्वतः करायची. भाजलेले ओट्स, दाण्याचा कूट, खजूर, थोडा गूळ, तूप. साखर नाही, मैदा नाही, म्हणून चालतात. रोज एकच, असा नियम.

"आणि रात्री?"

"रात्री साडेअकराला सगळे झोपले की मी स्वयंपाकघरात जाते. दिवा लावत नाही. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून डबा ओढणीत धरून उघडते. चार, पाच, कधी सहा. ओट्यापाशी उभ्यानंच."

"त्या वेळी भूक लागलेली असते?"

"भूक कसली, मॅडम. हावरेपणा आहे तो."

"हे कोणी ठरवलं?"

ती गप्प बसली. मग खाली बघत म्हणाली, "आईला कळलंय. सकाळी ती डबा हलवून बघते. बोलत काही नाही. तेच जास्त लागतं."

मी तो कागद तिच्याकडे फिरवला. दिवसभराचं सगळं मिळून जेमतेम सहा-सातशे कॅलरी होत होत्या. तूप, दाणे, खजूर घातलेला तीस-पस्तीस ग्रॅमचा लाडू सव्वाशे ते दीडशे कॅलरींचा होतो. पाच लाडू म्हणजे एक भरपेट जेवण. "तू रात्री जास्तीचं खात नाहीस," मी म्हटलं. "तू रात्री जेवतेस. फक्त उभ्यानं आणि अंधारात."

हे वाक्य मी नंतर अनेकांना सांगितलं आहे, आणि दर वेळी समोरच्या माणसाचे खांदे थोडे खाली येताना पाहिले आहेत. शरीर चुकलेलं जेवण वसूल करतं. त्याला आपण हावरेपणा म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी शिक्षा म्हणून आणखी कमी खातो. मग रात्री आणखी मोठी वसुली.

हे नुसतं माझं मत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण स्वतःहून तयार झाले होते. उपासमारीतून वाचलेल्यांना पुन्हा कसं उभं करायचं, हे शोधणं हा हेतू होता. त्यासाठी त्यांना जवळजवळ सहा महिने रोज साधारण दीड हजार कॅलरींवर ठेवलं. धडधाकट, निश्चयी माणसं ती. पण त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नाशिवाय दुसरा विषय उरला नाही. पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची, कृती जमवायची. बंधन उठल्यावर पोट भरलं तरी काहींचं समाधान होत नव्हतं. हे सांगितल्यावर मृण्मयीनं न बोलता मोबाइल काढून माझ्यासमोर धरला. ओट्सची बर्फी, ओट्सच्या कुकीज, ओट्सचे मोदक, केळं घातलेले, कोको घातलेले. दोनशेच्या वर कृती जपून ठेवल्या होत्या. केला होता फक्त लाडू.

इथे 'पौष्टिक' या शब्दाबद्दल थोडं बोलायला हवं. आपल्या घरात पौष्टिक म्हणजे डिंकाचा लाडू, अळिवाचा लाडू. बाळंतिणीच्या अंगी लागावं म्हणून, थंडीत ताकद यावी म्हणून. पौष्टिक म्हणजे पोसणारं. गेल्या काही वर्षांत त्याच शब्दाचा अर्थ 'बारीक करणारं' असा होऊन बसलाय, आणि त्यातून किती मुलींची फसगत होते ते मी पाहते. ओट्स चांगलेच आहेत. त्यात बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, त्यानं पोट बराच वेळ भरल्यासारखं राहतं. पण गुळाच्या आणि साखरेच्या कॅलरींत फारसा फरक नसतो, आणि तूप कशातही घातलं तरी तूपच. लाडवाचं काम पोसणं आहे. त्याला जेवणाच्या जागी बसवून वर वजनही उतरवायला सांगायचं, हे त्याच्यावर अन्याय केल्यासारखं आहे.

माझ्या कामाचा पाया अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीचा आहे. एलिस म्हणायचे, माणूस इच्छेमुळे कोसळत नाही, इच्छेची सक्ती केल्यामुळे कोसळतो. मराठीत ही सक्ती एका अक्षरात पकडता येते, आणि मला ते आपल्या भाषेचं वैभव वाटतं. ते अक्षर म्हणजे 'च'. तिसऱ्या भेटीत मी मृण्मयीला मनातलं वाक्य जसंच्या तसं लिहायला लावलं. तिनं लिहिलं: "लग्नात मी बारीक दिसलेच पाहिजे, नाहीतर सगळं फुकट."

"आता 'च' काढून पुन्हा लिही."

बराच वेळ पेन हातात धरून तिनं लिहिलं: "लग्नात मी बारीक दिसले तर मला आवडेल." वाचून म्हणाली, "हे अगदी मिळमिळीत झालं, मॅडम. अशा वाक्यानं मी काहीच करणार नाही."

"पहिलं वाक्य तिखट होतं. त्यानं काय केलंस?"

"रात्री लाडू खाल्ले," ती म्हणाली. आणि स्वतःच त्या उत्तराकडे बघत राहिली.

'च' काढल्यावर इच्छा मरत नाही. ती माणसाच्या आवाक्यात येते. पण हे पटणं आणि अंगात मुरणं यात अंतर असतं, आणि ते अंतर पार होतं एखाद्या अगदी साध्या क्षणी. मृण्मयीच्या बाबतीत तो चौथ्या भेटीत आला.

मी तिला लाडवांचा डबा घेऊन यायला सांगितलं होतं, आणि आठवडाभर रात्री किती खाल्ले ते लिहून ठेवायलाही. बावीस वर्षांच्या कामात मला एक सवय लागली आहे. माणूस बोलता बोलता जे आकडे सांगून जातो, ते मी मनात जुळवून बघते.

"रविवारी किती केलेस?"

"तीस."

"आठवड्यात खाल्लेस किती?"

तिनं वही बघितली. "अडतीस. सकाळचे धरून."

"आणि आज डब्यात किती आहेत?"

तिनं झाकण उघडलं. दहा होते. ती माझ्याकडे बघत राहिली. मी काही बोलले नाही. दोन ताटल्या काढल्या, खिडकीचा पडदा सरकवला, एक लाडू तिच्या ताटलीत ठेवला आणि एक माझ्या. "आज बसून खायचा. चव काय आहे ते मला सांगायचं."

उजेडात डब्याकडे तिनं तेव्हाच नीट पाहिलं असावं. एका बाजूला दोन-तीन तडकलेले, वेडेवाकडे लाडू. बाकीचे गुळगुळीत, एकाच मापाचे वळलेले. तिनं ताटलीतल्या लाडवाचा तुकडा तोंडात घातला, चावला आणि थांबली.

"यात वेलची आहे."

"बरं."

"मी वेलची घालत नाही. मोबाइलवरच्या कृतीत वेलची नव्हती." बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "आईच्या सगळ्यात असते."

आणि मग ती रडली. मी घड्याळाकडे पाहिलं नाही आणि पाण्याचा ग्लासही पुढे केला नाही. रडू थांबवायची घाई समुपदेशकानं करू नये, असं मी मानते. रडत रडत तिनं उरलेला लाडू संपवला. बसून, उजेडात, चव घेत. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

पुढच्या भेटीला आईही आल्या. मितभाषी बाई. मी विचारल्यावर पदराचं टोक चाळवत म्हणाल्या, "दिवसभर उपाशी असते हो ती. बोलले असते, तर रात्रीचं तेवढंही बंद केलं असतं तिनं. सकाळी मी डबा हलवून बघायचे, कितीक उरलेत. कमी वाटले की ती ऑफिसला गेल्यावर वळून ठेवायचे." मृण्मयीनं आईचा हात धरला. ज्या हालवण्याला ती महिनाभर पहारा समजत होती, ती काळजी होती.

मला यातून काय दिसलं ते सांगते, कारण माझ्या दृष्टीनं तेच मोलाचं आहे. 'च' डोक्यात बसला की माणसाला आपल्याभोवती सगळे पहारेकरी दिसायला लागतात. आई, आत्या, नवरा मुलगा, आरसा, शिंपी. ते काय विचार करतात हे आपण विचारत नाही, ठरवून टाकतो. म्हणून मी आजकाल अशा प्रत्येकाला विचारते: घरातलं कोण तुझ्यावर नजर ठेवून आहे असं तुला वाटतं, आणि तू त्यांना कधी विचारलंस का?

पुढचं काम साधं होतं. आधी आहारतज्ज्ञांकडे पाठवलं, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं. रात्री आठला घरातल्यांबरोबर पाटावर बसून जेवण: भाकरी, भाजी, वरण. दुपारच्या डब्यात पोळी परत आली. ओट्सचा लाडू संध्याकाळी पाचला, ऑफिसातून आल्यावर, सगळ्यांसमोर एक. रात्रीची भूक पंधरा दिवसांत निम्म्यावर आली. मग केळवणं सुरू झाली. ती म्हणाली, सकाळपासून काही न खाता जाईन. मी म्हटलं, तसं अजिबात करू नकोस. उपाशी पोटी गेलेली मुलगी पुरणपोळीपुढे हरणारच. रोजचा नाश्ता करून जा, जे आवडतं ते एकदा घे, आग्रह झाला तर यजमानीण बाईंना कृती विचार. आग्रह करणाऱ्या बाईला तिच्या हाताचं कौतुक हवं असतं, ताटातला चौथा लाडू गेलाच पाहिजे असं तिचं काही नसतं.

आणि फिट होण्याबद्दल. मी तिला विचारलं, "लग्नाचा दिवस तुझ्याकडून काय काय मागणार आहे?" आम्ही यादी केली. पहाटे चारला उठणं. नऊवारीत तासन्‌तास मांडी घालून बसणं, समोर होमाचा धूर. संध्याकाळी जड शालूत तीन तास उभं राहून हसणं. यातल्या कशालाच कमी मापाचं ब्लाउज कामाचं नाही. पाय लागतात, पाठ लागते, झोप लागते. मग ती दर रविवारी वडिलांबरोबर पांडवलेणीला जायला लागली. फाळके स्मारकापाशी गाडी लावायची आणि चढायचं. पहिल्या रविवारी तीनदा थांबली, नोव्हेंबरात एकदाही नाही. रोज अर्धा तास चालणं, घरी उठाबशा, दहा मिनिटं मांडी घालून बसायचा सराव. साडेदहाला दिवा बंद.

वजनाचा प्रश्न मला नेहमी विचारतात. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी पुष्कळ झालं. त्याहून घाई केली की तीच रात्रीची वसुली. आणि चक्कर येत असेल, पाळी चुकली असेल, खाल्लेलं मुद्दाम उलटून काढावंसं वाटत असेल, तर तिथे लेख वाचून भागणार नाही. आधी डॉक्टरांकडे जा. कोणाशी बोलावं कळत नसेल, तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आत्या, मावश्या, काकवांना मी हात जोडून सांगते: नवऱ्या मुलीच्या अंगाबद्दल काही म्हणू नका. कौतुकानंही नको. 'छान बारीक झालीस' हेही वाक्य रात्री अंधारात जाऊन उभं राहतं.

मृण्मयीचं वजन लग्नापर्यंत चार किलो उतरलं.

नोव्हेंबरच्या शेवटी तिचा फोन आला, शिंप्याच्या दुकानातून. "मॅडम, ब्लाउज अंगात गेलं नाही."

मी क्षणभर थांबले. "मग?"

"मी घाबरलेच होते. पण काकांनी ते उलटं करून दाखवलं. दोन्ही बाजूंनी आत माया सोडलीय. दोन इंच कमी शिवा म्हटलं होतं तरी कापड कापलं नव्हतं त्यांनी."

मागून मशीनचा आवाज येत होता, आणि तिच्या आईचा, वेलची कुठे चांगली मिळते असं कोणाला तरी विचारणारा. रुखवतात मांडायचे लाडू आता दोघी मिळून वळणार होत्या.

"आता काय करतेयस?"

"बसलेय इथंच. काका उसवतायत."