तिसऱ्यांदा नापास झालात, पण रिपोर्ट उघडून बघितलात का?

ताई, तुमची पोस्ट वाचली, एनक्लेक्स आरएन (अमेरिकेत नर्सचं लायसन्स मिळवायची परीक्षा) तिसऱ्यांदा गेली, 85 व्या प्रश्नाला कॉम्प्युटर बंद झाला, आता घरचे म्हणतायत सोडून दे. अगदी माझंच वाचतेय असं वाटलं. मीही तीनदा नापास झाले, चौथ्यांदा सुटले, आणि पास झाले तेव्हा पेपर 150 प्रश्नांपर्यंत गेला होता. त्यामुळे 85 ला थांबला याचा अर्थ लावत बसू नका, तुम्ही पास की नापास याची कॉम्प्युटरला 95 टक्के खात्री पटली की तो थांबतो, मग निकाल कुठलाही असो.

कुठली पुस्तकं, कुठली क्वेश्चन बँक ते सांगत नाही, तीनदा दिलीत म्हणजे ते सगळं तुम्हाला पाठ असणार. मला महागात पडलं ते दुसरंच. नापास झाल्यावर जो परफॉर्मन्स रिपोर्ट येतो तो मी पहिल्या दोन्ही वेळा उघडलाच नाही, बघवतच नव्हता. आमचा एजंट (नाव नको) म्हणाला 45 दिवस झाले की लगेच तारीख घ्या, गॅप पडला की विसरायला होतं, आणि मी घेतली. दोनदा! प्रत्येक वेळी 200 डॉलर फी, वर भारतात देतोय म्हणून 150, नाशिकला नाईट ड्युट्या करून जमवलेले. 45 दिवस ही कमीत कमी थांबायची मुदत आहे हो, तेवढ्यात तयारी होते असं कोणी म्हटलेलं नाही, पण त्या माणसाने हे एकदाही सांगितलं नाही आणि रिपोर्टबद्दल तर चकार शब्द काढला नाही. अजून राग येतो.

तिसऱ्या वेळेनंतर माझ्या नवऱ्याने तिन्ही रिपोर्ट प्रिंट काढून शेजारी शेजारी ठेवले. आठ विभाग असतात, प्रत्येकापुढे पास होण्याच्या लेव्हलच्या वर, जवळ की खाली ते लिहिलेलं. फार्मा, म्हणजे औषधांचा विभाग, माझा कायम जवळ. मॅनेजमेंट ऑफ केअर (कुठलं काम आधी करायचं, कुठलं कोणाला सोपवायचं) तिन्ही वेळा खाली. 2023 च्या टेस्ट प्लॅनमध्ये, म्हणजे परीक्षेच्या आराखड्यात, हा विभाग 15 ते 21 टक्के आहे, आणि मी चार महिने औषधांची कार्डं घोकत होते.

कारण नंतर कळलं. ब्लड चालू आहे, पेशंटला थंडी वाजून आली, कंबर दुखतेय म्हणतोय, पहिलं काय कराल? मी 'डॉक्टरांना कळवा' टिक करायचे. वॉर्डात हेच झालं तर माझा हात आपोआप नळीच्या क्लॅम्पवर जायचा, आधी ब्लड बंद, मग हाका. पण स्क्रीनसमोर बसलं की डोक्यात बसलेलं "सरांना विचारल्याशिवाय काही करायचं नाही" हे वर यायचं. तसंच कामं वाटून देण्याचं. आपल्याकडे भरवणं, स्पंजिंग नातेवाईक आणि मावशी बघतात, त्यामुळे स्ट्रोकच्या पेशंटला पहिल्यांदा भरवायला असिस्टंटला सांगायचं नाही, गिळता येतंय का ते आधी नर्सने बघायचं, हे आपल्याला सुचतच नाही. असेसमेंट, शिकवणं, आणि दिलेल्या केअरचा परिणाम झाला का ते तपासणं खाली सोपवायचं नाही, एवढं धरून मी अडीच महिने फक्त असले प्रश्न केले, रोज 40, आणि चुकलेल्या प्रत्येकापुढे वहीत मराठीत लिहायचे की मी हे का निवडलं. बरोबर उत्तर लिहून काही होत नाही, आपलं चुकलेलं कारण लिहा.

हे माझ्यापुरतं, तुमचा विभाग वेगळा असू शकतो. नियमही स्टेटप्रमाणे बदलतात, फ्लोरिडात तीनदा नापास झालं की रेमेडियल कोर्स केल्याशिवाय परत बसता येत नाही, तेव्हा तुमच्या स्टेटच्या नर्सिंग बोर्डाचं त्यांच्याच साईटवर वाचा, एजंटच्या तोंडून नको.

अजून एक, लग्नानंतर पासपोर्ट बदलला असेल तर एटीटीवरचं (परीक्षेला बसायच्या परवानगीपत्रावरचं) नाव जुळतंय का आत्ताच बघा. आपल्यात वडलांचं की नवऱ्याचं नाव मधे यावरून घोळ होतो आणि सेंटरवरून परत पाठवतात, फीसुद्धा जाते. माझ्या मैत्रिणीचं झालंय.

नोकरी सोडू नका, आणि घरच्यांना आत्ता उत्तर द्यायची घाई करू नका. तिन्ही रिपोर्ट काढा, नाव-नंबर झाकून आठ ओळी इथे टाका, मी रविवारी सुट्टीवर आहे, बसून बघते.